पुण्याची फेरी आणि घरचा उंबरा

पत्र थोडक्यात असं: कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप चालवणारे एक वाचक (वय ४१) लिहितात की त्यांचे वडील ७३ वर्षांचे आहेत आणि त्यांना सहा वर्षांपासून पार्किन्सन आहे. पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टांचं औषध चालू आहे. हालचालींच्या विकारांतले ते जाणकार मानले जातात. दर दोन महिन्यांनी भाड्याची गाडी करायची, पहाटे चारला निघायचं, नंबर लावून बसायचं, दहा-बारा मिनिटं दाखवायचं आणि रात्री अकराला घरी पोचायचं. फेरीला नऊ-दहा हजार जातात, वर वर्कशॉप दिवसभर बंद. मागच्या खेपेला डॉक्टरांनीच सुचवलं की मधल्या तपासण्या व्हिडिओ कॉलवर करू. मुंबईतले थोरले भाऊ म्हणतात, ‘पैसे मी देतो, तू फक्त गाडी काढ. मोबाईलवर कुठं पेशंट तपासतात काय?’ पेठेतले फॅमिली डॉक्टर म्हणाले, ‘पुण्याचा डॉक्टर तुमच्या खिशात आला, आता माझ्याकडं कशाला येताय?’ वाचकांचा प्रश्न: ‘व्हिडिओवर दाखवलं तर बाबांच्या उपचारात मी काटकसर केली असं होईल का? उद्या काही झालं तर?’ बाबांना विचारलं तर ‘ते काहीच बोलत नाहीत’, आणि ‘गोळ्यांचं सगळं बायको बघते’.

‘काटकसर’ या शब्दापाशी मी थांबले. पहाटे चारला उठवून, जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर हिंडवून, रात्री अकराला परत आणलं म्हणजे चांगला उपचार, आणि घरात बसून त्याच डॉक्टरांशी बोललं म्हणजे हात आखडता घेतला, हा हिशेब तुम्ही कुठून आणलात? आपल्याकडं आजारपणातले कष्ट मोजायची जुनी खोड आहे. किती लांब नेलं, किती रात्री जागून काढल्या, किती नोटा मोडल्या, यावर नातेवाईक मुलांना पास-नापास करतात. भेटायला आलेला पाहुणा चहा संपायच्या आत ‘कुठं दाखवलं?’ विचारतो, आणि उत्तरात पुण्या-मुंबईचं नाव आलं की समाधानानं मान हलवतो. पाहुण्याला खूश करायला तुम्ही बाबांना गाडीत बसवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या मान हलवण्याचा थोडा वाटा तुमच्या प्रश्नात आहे, असं मला वाटतं.

त्या दिवशी बाबांचं काय होतं ते बघू. बहुधा त्यांना लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनवरच्या नेहमीच्या औषधाची, गोळी चालू असेल. ही गोळी घेतल्यावर काही वेळानं अंग मोकळं होतं आणि काही तासांनी असर ओसरतो. आजार जुना होत जाईल तसा असर टिकण्याचा काळ आखडत जातो, म्हणून गोळ्यांच्या वेळा मिनिटाला धरून पाळाव्या लागतात. पुण्याच्या दिवशी ते घड्याळच मोडतं. पहाटेची गोळी अवेळी, दुसरी गाडीत, तिसरी नंबर येईना म्हणून पुढं ढकललेली. त्यात रुंदीकरणाची डायव्हर्जनं आणि लघवीसाठी गाडी थांबवायची घाई. मग डॉक्टरांसमोर बसतात ते पाच तासांच्या प्रवासानं आंबलेले बाबा. किंवा नेमकं उलटं होतं. ‘दवाखान्यात कसे तरातरा चालले, आणि घरी दारात अडकतात’, असं पार्किन्सनच्या घरोघरी ऐकू येतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडकतात ते बहुधा उंबऱ्यावर, अरुंद दारात, न्हाणीघराकडं वळताना. हॉस्पिटलच्या लांबरुंद कॉरिडॉरमध्ये तो प्रकार डॉक्टरांना दिसेलच असं नाही. तुमच्या घरचा उंबरा पुण्याला नेता येत नाही. व्हिडिओवर तो दाखवता येतो.

तेव्हा ‘मोबाईलवर कुठं तपासतात काय’ याचं दादांना द्यायचं उत्तर असं की काही गोष्टी मोबाईलवर जास्त चांगल्या दिसतात, आणि काही अजिबात कळत नाहीत. दुसऱ्या बाबतीत दादांचं खरं आहे. बोटांची उघडझाप, हाताची थरथर, खुर्चीतून उठणं, चालणं, वळणं हे पडद्यावर दिसतं. स्नायूंचा ताठरपणा मात्र डॉक्टरांनी मनगट-कोपर हातात घेऊन हलवल्याशिवाय कळत नाही. मागून खांद्याला झटका देऊन माणूस तोल सावरतो का हे बघायची एक तपासणी असते, तीही व्हिडिओवर करत नाहीत आणि घरी करूनही बघू नका. अंगात कापरं भरणं, गती मंदावणं, ताठरपणा आणि तोल ही या आजाराची चार मुख्य लक्षणं. त्यांतली शेवटची दोन पडद्याला दाद देत नाहीत.

२०१७ साली ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले होते. पार्किन्सनचे १९५ रुग्ण वर्षभर पाहिले. काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्याच्या जोडीला तज्ज्ञांच्या चार व्हिडिओ भेटी घरबसल्या. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांच्या जगण्याच्या दर्जात फरक दिसला नाही. व्हिडिओच्या प्रत्येक भेटीमागं साधारण दीड तास आणि साठेक किलोमीटरचा प्रवास मात्र वाचला. मी याचा अर्थ असा घेते की व्हिडिओनं चमत्कार होतो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि घात होतो म्हणणाऱ्यावरही. त्यांचे साठ किलोमीटर वाचले. तुमचे किती वाचतील ते तुम्हीच बघा.

आता तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडं येते, कारण या सगळ्या मामल्यात मला सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच वाटतो. त्यांचा टोमणा तुम्ही मनाला लावून घेतलाय. माझ्या मते तो टोमणा कमी आणि तक्रार जास्त आहे, आणि तक्रार रास्त आहे. सहा वर्षांत पुण्याच्या केसपेपरची एक झेरॉक्स तरी तुम्ही त्यांच्या टेबलावर ठेवलीत का?

अमेरिकेत मिसूरी राज्यात २०१५ साली एक हॉस्पिटल सुरू झालं. चार मजली इमारत आहे, आत डॉक्टर-नर्सेस आहेत आणि खाट एकही नाही. ते लांबच्या हॉस्पिटलांतल्या आणि घरांतल्या रुग्णांवर पडद्यावरून लक्ष ठेवतात. रियाधमध्ये २०२२ साली असंच ‘सेहा’ नावाचं व्हर्च्युअल हॉस्पिटल निघालं. शंभरावर इस्पितळांना तिथून तज्ज्ञांचा सल्ला मिळतो, पक्षाघातापासून अतिदक्षता विभागापर्यंत. बातम्यांत त्यांच्या भिंतीभर पडद्यांचे फोटो येतात आणि वाटतं, आता डॉक्टरनं रुग्णाला हात लावायची गरजच उरली नाही. फोटोत दिसत नाही ते पडद्याच्या अलीकडचं टोक. तिथं खाट असते, खाटेशी नर्स असते, सलाईन लावणारा, रक्तदाब घेणारा, औषध टोचणारा कुणीतरी असतो. लांबच्या तज्ज्ञाची नजर आणि जवळच्या माणसाचा हात अशी ती जोडी आहे. तुमच्या घरात नजर पुण्यातून येणार. हात पेठेतलाच लागणार.

म्हणून पहिल्या व्हिडिओ भेटीची वेळ पुण्याहून मिळाली की ती घेऊन फॅमिली डॉक्टरांकडं जा, आणि जमलं तर पहिला कॉल त्यांच्या दवाखान्यातूनच लावा. दहा मिनिटं दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलू देत. ताठरपणा ते हात धरून बघतील आणि पुण्याला सांगतील. आडवं झोपवून एकदा आणि उभं केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा रक्तदाब घेतील; उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरत असेल तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. या आजारात आणि त्याच्या औषधांत हे वरचेवर होतं. त्यांच्या वेळेची फी द्या, ओशाळू नका. कोल्हापुरात न्यूरॉलॉजिस्ट नाहीत अशातलाही भाग नाही. वर्षातून एकदा इथल्या एखाद्यांना प्रत्यक्ष दाखवून फाईल त्यांच्याकडंही ठेवा. अडीअडचणीला रात्री दोन वाजता पुणे उपयोगी पडत नाही.

फॅमिली डॉक्टरांना बाजूला ठेवण्यात खरा धोका कुठं आहे, तेही सांगते. मळमळ-उलटी झाली की पुष्कळदा मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन किंवा गोळी दिली जाते. औषध साधं आहे, पण ते मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाच्या, वाटेत आडवं येतं आणि पार्किन्सनचा माणूस त्यानं आखडून जातो. भ्रम किंवा चिडचिड झाली म्हणून दिल्या जाणाऱ्या हॅलोपेरिडॉलचंही तसंच. बाबांना काय चालत नाही याची चिठ्ठी पुण्याच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक प्रत पेठेतल्या डॉक्टरांकडं, एक बाबांच्या पाकिटात. दुसरी गोष्ट, लेव्होडोपा कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करायची नाही. अचानक तोडली तर ताप आणि भयंकर ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

नियमांचं थोडक्यात. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासून औषध लिहिणं कायदेशीर आहे. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा, फीची पावती हवी. शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियंत्रणाखालची, औषधं अशा भेटीत लिहिता येत नाहीत. तुमच्या कामाचं कलम वेगळंच आहे: त्याच डॉक्टरांना त्याच आजारासाठी प्रत्यक्ष दाखवून सहा महिन्यांच्या आत झालेली भेट तेवढी ‘फॉलो-अप’ धरली जाते. म्हणजे सहा महिन्यांतून एकदा पुण्याची फेरी आहेच, मधल्या दोन भेटी व्हिडिओवर. वर्षाच्या सहा फेऱ्यांच्या दोन झाल्या. एखाद्या कॉलवर डॉक्टर म्हणाले, ‘मला हात लावून बघायला हवं’, तर निमूट गाडी काढायची. तसं म्हणायचा त्यांना अधिकार आहे आणि असं म्हणणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

तशी व्हिडिओच्या बाजारात भुरटेगिरी कमी नाही. मागं माझ्या गुडघ्यासाठी मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या ॲपवर वेळ घेतली होती. डॉक्टरसाहेबांचा कॅमेरा बंद, मागं गाड्यांचे हॉर्न, दोन मिनिटांत पाच औषधं आणि तीन तपासण्या. गुडघा दाखवायला मी परकर सावरून तयार बसले होते, तो बघायला कुणाला वेळच नव्हता. त्या दिवशी मीही तुमच्या दादांच्याच भाषेत बोलले होते. पण रागाच्या भरात एक गोष्ट विसरले: तो डॉक्टर मला आधी कधी भेटलेलाच नव्हता. तुमचे डॉक्टर बाबांना सहा वर्षं ओळखतात आणि त्यांनी स्वतः हा मार्ग सुचवलाय. अनोळखी डॉक्टरला पहिल्यांदाच पडद्यावर भेटणं आणि ओळखीच्या डॉक्टरांशी मधली भेट पडद्यावर करणं, यांत फार अंतर आहे.

आता तुमच्या पत्रातलं ते अर्धं वाक्य: ‘गोळ्यांचं सगळं बायको बघते.’ भाऊ, डॉक्टर, गाडीवाला यांच्यावर तुम्ही परिच्छेद लिहिलेत आणि वहिनींना चार शब्दांत उरकलंत. पुण्याला त्या येतात का? पत्रावरून तरी वाटतं की नाही. घरी मुलांचं बघायला कुणीतरी लागतंच. म्हणजे गोळी कितीला दिली, असर कितीला संपला, रात्री बाबा झोपेत हातपाय झाडतात का, गिळताना ठसका लागतो का, हे जिला माहीत ती घरी, आणि डॉक्टरांसमोर तुम्ही ‘तसं बरं आहे’ म्हणून मोकळे. व्हिडिओ भेटीचा मला दिसणारा सर्वांत मोठा फायदा हाच. वहिनी समोर बसतील. त्यांनाच बोलू द्या, तुम्ही मोबाईल धरा.

कॉलच्या आधी आठवडाभर त्यांनी एका वहीत गोळ्यांच्या वेळा आणि बाबा कधी मोकळे, कधी आखडलेले, एवढंच लिहावं. तीन छोटे व्हिडिओ काढून ठेवा: खुर्चीतून उठून दहा पावलं चालून वळण्याचा, अंगठा-तर्जनी टेकवण्याचा आणि उंबरा ओलांडण्याचा. गोळीचा असर असताना एकदा, ओसरल्यावर एकदा. शेवटची गोळी कितीला झाली ते व्हिडिओत तोंडानं बोला. चालताना बाजूला कुणीतरी हवंच, पडायचा व्हिडिओ आपल्याला नको. कॉलच्या वेळी उजेड बाबांच्या तोंडावर येऊ दे, पाठीमागं खिडकी नको, आणि टीव्ही बंद. आणि एक विचारून घ्या: गोळी जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर जाते का? प्रथिनांमुळं लेव्होडोपा शरीरात शोषली जायला अडथळा होतो. कोल्हापूरच्या घरात पेलाभर म्हशीचं दूध हा औषधाचाच भाग समजतात, म्हणून मुद्दाम सांगते.

बाबा ‘काहीच बोलत नाहीत’ याबद्दल. पार्किन्सनमध्ये आवाज बारीक होतो, चेहऱ्यावरचे भाव मावळतात आणि उत्तर ओठांवर यायला वेळ लागतो. घरच्यांना वाटतं की यांना काही म्हणायचंच नाही. प्रश्न विचारून तीन सेकंदांत आपणच ‘असू दे’ म्हणतो आणि पुढचं बोलायला लागतो. त्यांना सकाळी, गोळीचा असर असताना, शेजारी बसून विचारा: पुण्याला जायला आवडतं का, त्रास होतो का? एका वेळी एकच प्रश्न आणि मग गप्प बसायचं. कुणी सांगावं, त्यांना ती फेरी हवीही असेल. घराबाहेर पडायचं तेवढंच निमित्त, वाटेत चहा, खिडकीतून दिसणारा ऊस. तसं असेल तर वाचलेल्या फेरीच्या दिवशी रंकाळ्यावर नेऊन आणा, ते पाच तास गाडीत बसवण्यापेक्षा त्यांना सोसेल. कॉलवर त्यांचा आवाज पोचायला माइकवाला इअरफोन लावा; डॉक्टरांनी त्यांनाही काही विचारावं असं तुम्हीच सुचवा.

हेच कोडं पडलेल्या, पण पुण्याचा डॉक्टर किंवा गाडीभाडं परवडत नसलेल्या वाचकांसाठी चार ओळी. गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड अशा तालुक्यांतून मला पत्रं येतात. ‘ई-संजीवनी’ ही सरकारची मोफत टेलिमेडिसिन सेवा आहे. नोव्हेंबर २०१९ ला सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावर दहा कोटी सल्ले झाले. स्मार्टफोन नसेल, रेंज नसेल, तरी आपल्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. आपण त्यांना ‘सीएचओ मॅडम’ म्हणतो. त्या रक्तदाब-साखर बघून तिथूनच डॉक्टरांशी जोडून देतात. जुने कागद सोबत न्या आणि कुठल्या दिवशी कोणते तज्ज्ञ असतात हे आधी विचारून जा. मन खचलं असेल, झोप उडाली असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो आजाऱ्यासाठी आहे तसा आजाऱ्याची सेवा करणाऱ्यासाठीही. वहिनींना हा आकडा माहीत असू दे.

आणि कॉलची वाट बघायची नाही अशा वेळा: डोक्याला मार लागून पडले, एका बाजूचा हातपाय किंवा तोंड अचानक गेलं, गिळताच येईना, ताप येऊन अंग लाकडासारखं झालं, एकाएकी माणूस ओळखेनासे झाले. तेव्हा १०८ आणि जवळचं हॉस्पिटल. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेवढा वेळ आपण पुण्याच्या रिसेप्शनला फोन लावण्यात घालवायचा नाही.

पावसाळ्याचं तर तुम्हाला सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीपाशी महामार्गावर पाणी आलं तेव्हा पैसे, गाडी, दादांचा आग्रह, यातलं काहीच पुण्याला पोचलं नसतं. जूनच्या शेवटी महिनाभराच्या गोळ्या घरात जास्तीच्या आणून ठेवा आणि जुलै-ऑगस्टच्या तपासण्या व्हिडिओवरच ठेवा.

राहिले दादा. त्यांच्याशी वाद घालू नका, पहिल्या कॉलला त्यांनाही मुंबईहून जोडा. सहा वर्षांत त्यांनी बाबांच्या डॉक्टरांना बहुधा पाहिलेलंही नसेल. पाहतील, विचारायचं ते विचारतील. आणि दिवाळीच्या तोंडावर सहामाही फेरी येईल तेव्हा मुंबईहून पुणे तसं जवळच आहे. तुम्ही बाबांना घेऊन पुण्यात पोचा, तिथून वर्कशॉप उघडायला एकटे परत या. दाखवून झालं की बाबांना कोल्हापूरला दादांनी आणायचं, गाडीतल्या तिसऱ्या गोळीसकट. वेळा वहिनी लिहून देतील.